बाब क्रमांक सात

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी ॲशकोमच्या नगरपरिषदेचं इतिवृत्त लिहिते.
पेनसिल्व्हेनियातलं नदीकाठचं गाव,
बुटांचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली.
सभागृहात पाच खुर्च्या उंचावर, चाळीस खाली,
आणि माइकपाशी एक छोटा दिवा,
तीन मिनिटांनी लाल होणारा.

आज मागच्या रांगेत नऊ पोलीस.
म्हणजे ड्युटीवरचे दोघे सोडले तर सगळेच.
गणवेश नाही, इस्त्रीचे शर्ट,
लग्नाला आल्यासारखे,
पण यजमानांनी ओळख न दाखवलेले.

बाब क्रमांक सहा: चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे. मंजूर.
बाब क्रमांक सात: पोलिसांचा करार,
अडीच वर्षं बिनसहीचा.

सार्जंट लोरेटा स्टमबॉ उठली.
दिवा हिरवा.
तिने आणलेला कागद उघडलाच नाही.
म्हणाली, फेब्रुवारीत नदीचा बर्फ फुटला
तेव्हा मी छातीपर्यंत पाण्यात होते.
मुलगा वाचला. माझे बूट प्रवाहात गेले.
नव्यासाठी अर्ज केला, तो जूनमध्ये परत आला.
वर शेरा होता:
जुने बूट जमा केल्याशिवाय नवे मिळणार नाहीत.

कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही.

"जुने बूट नदीत आहेत," ती म्हणाली.

मग ती नुसती उभी राहिली.
दिवा पिवळा झाला.
वरच्या खुर्चीत ऑर्विल डेट्झ टेबलाखाली फोन बघत होते,
हनुवटीवर निळा उजेड पडलेला.
माझी बोटं कीबोर्डवर थांबलेली,
कारण न बोलण्यासाठी इतिवृत्तात रकाना नाही.

लाल.

अध्यक्षबाई म्हणाल्या, परिषदेला आपल्या सेवेची जाणीव आहे.
पुढील बैठकीपर्यंत स्थगित.
आमच्याकडे याला वाटाण्याच्या अक्षता म्हणतात.
इंग्रजीत मी लिहिलं, स्थगित.

मी काही त्यांच्यातली नाही.
दोन वर्षांपूर्वी माझ्या ओजसला
या नवांपैकीच एकाने रस्त्यात अडवलं,
गाडीचा मागचा दिवा गेला होता एवढ्यावर
अर्धा तास हात बॉनेटवर ठेवायला लावले.
डिसेंबर होता. पत्रा गार असणार.
मीही याच माइकपाशी उभी राहिले होते,
त्या महिन्यात इतिवृत्त दुसऱ्या कुणी लिहिलं.
त्यात माझ्यासाठी तीन शब्द आहेत:
नोंद घेण्यात आली.

डावीकडून तिसरा, तो. क्लेटन यिंगलिंग.
बैठक संपल्यावर दार त्यानेच धरून ठेवलं.
मला ओळखलं की नाही, कोण जाणे.
"गारठा आहे," म्हणाला.
मी म्हटलं, "आहे."
त्याच्या शर्टाच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी
तशीच राहिली होती.
सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.
गाडीत बसून काच पुसताना
राग आला, कुणाचा ते धड ठरेना.

रात्री जेवण गार होऊ दिलं आणि टाइप करायला बसले.
सार्जंट स्टमबॉ, तीन मिनिटे.
त्यातलं मिनिटभर ती गप्पच होती,
ते कुठे टाकू?
शेवटी ते गेलंच.

पण ते एक वाक्य मी ठेवलं,
जसं बोलली तसं, अवतरणचिन्हांत:
"जुने बूट नदीत आहेत."
पुढच्या महिन्यात इतिवृत्त मंजुरीला येईल.
कुणीतरी म्हणेल, हे वगळा.
वगळा बापडे.
नियम चौदा असा आहे, की वगळायचं वाक्य
आधी सभेत मोठ्याने वाचावं लागतं.