तिघींची नोंद

दीड हजार फाइली, आणि निम्म्यांचं नाव
'ट्रॅक शून्य एक'.
कॅसेटवरून उतरवून देणाऱ्या पोरानं
पैसे मोजून घेतले, नावं घालायची राहिली.
एक ना धड भाराभर चिंध्या.

मी जहाजांशी बोलणारा रेडिओवाला.
लिएपायाच्या बंदरात छत्तीस वर्षं
कोण बोलतंय हे आधी विचारायचं,
काय म्हणतोय ते मग.
म्हणून बसलो. हिवाळा लांब आहे,
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचा बोळा कोंबला
तरी समुद्रावरचा वारा टेबलापर्यंत येतो.

आधी आकडे.
या यंत्राच्या हिशेबी एकनंतर दहा येतो,
मग अकरा, बारा, आणि कधीतरी दोन.
एका कादंबरीतला नवरा त्यामुळे
आधी पुरला जातो आणि मग लग्नाला उभा राहतो.
एकेरी आकड्यांच्या डाव्या हाताला शून्य टेकवलं
– तेच, ज्याला किंमत नसते –
आणि माणसं पुन्हा आपापल्या वेळेला मरू लागली.

मग लेखक.
एकच गृहस्थ, कुठे स्वल्पविरामासकट, कुठे बिनस्वल्पविरामाचे.
यंत्राच्या लेखी दोघे शेजारी:
भिंतीला भिंत, तोंडओळख नाही.
चार दिवस गेले त्यांच्या गाठी घालण्यात.

पाचव्या दिवशी 'वाचन' हा रकाना.

जुन्यात जुन्या टेपांवर: स्काइद्रीते पूत्से.
पूत्से म्हणजे आमच्या भाषेत घुबड; ते तिचं माहेर.
पुढे नऊ वर्षं: स्काइद्रीते वानागा.
वानाग्स म्हणजे ससाणा. तो पहिला नवरा,
मासेमारीच्या बोटीवर होता, त्याच्याविषयी
मला एवढंच ठाऊक आहे आणि पुरेसं आहे.
उरलेल्यांवर माझं आडनाव, स्त्राउत्माने,
ज्यात एक लहानसा ओढा आहे.

यंत्र म्हणालं, तीन बायका.
मी म्हणालो, तुला काय कळतंय.
सगळ्या फाइली निवडल्या, माझं आडनाव एकदाच टंकलं,
आणि घुबड नि ससाणा
एका क्षणात ओढ्यात बुडाले.

नीट झालं का बघायला एक लावली. सगळ्यात जुनी.
बावीस वर्षांची कुणी मुलगी भराभर वाचत होती,
वाक्याचं शेपूट गिळत,
पान उलटताना श्वास घ्यायचा विसरत.
हा आवाज माझ्या टेबलाशी कधी जेवला नव्हता.
खाली नाव मात्र माझं.
चोरीचा कोट घालून आरशासमोर उभं राहावं, तसं वाटलं.

स्वयंपाकघरात गेलो. ती बीट सोलत होती.
गळ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली,
तेव्हापासून विजेच्या बिलांच्या पाठीवर बोलते.
विचारलं, कुठलं नाव ठेवू?
तिनं हात पुसले, तरी कागद लाल झाला:
*जिचे तिचे पैसे जिला तिला मिळाले.
तिघींना राहू दे.*
आणि खाली, जरा वेळानं:
*घुबडाला सर्दी होती. नववं प्रकरण बघ.*

बघितलं. होती.

मग सगळं मागे घेतलं, एकेक पाऊल.
घुबड वर आलं, ससाणा वर आला
(त्याला जरा जास्त वेळ लागला, खोटं का बोलू).
तिघींसाठी मुखपृष्ठावर एकच चित्र घातलं फक्त:
खिडकी, माणूस नसलेली.

एक फाइल उरली आहे, चार सेकंदांची.
वाचन सुरू होण्याआधीचं चुकून टेपवर आलेलं:
"थांब, वारा पडू दे."
शीर्षक रिकामं. लेखक रिकामा.
'प्रकार' विचारतो, तर यादीत तसलं काही नाही.
उद्या आइझपुतेच्या अंधगृहातला माणूस
डिस्क न्यायला येईल. त्याला देण्यापुरतं
सगळं लागलं आहे.

ही एवढी माझ्याकडे राहील,
'ट्रॅक शून्य एक' या नावानं.