फर्गसचा डाव

ब्रॉटी फेरीच्या चॅरिटी शॉपमध्ये,
लोकरीचे हातमोजे आणि केकचे साचे यांच्या मधल्या टोपलीत
तीन पौंडांना मिळाला.
राखाडी, साबणाच्या वडीएवढा जाड,
बॅटरीचं झाकण हरवलेलं, तिथे चिकटपट्टी,
जखमेवर लावतात ती.
उजवं बटण झिजून गुळगुळीत.

रात्रपाळीहून परतताना बस टे नदीच्या पुलावर शिरली की
इतकी वर्षं मी फोनवर खेळायचे.
त्याचा सगळा रडीचा डाव:
पाच जीव संपले, आता बावीस मिनिटं थांब,
नाहीतर नव्व्याण्णव पेन्स टाक.
नाही खेळलं की दुपारी, ऐन झोपेत, गुरगुरतो:
तुझी आठवण येतेय.
सख्ख्या भावाला येत नाही माझी आठवण!

हा डबा बोलावत नाही.
चालू केला तर एकच ओळ:
फर्गस. एकेचाळीस तास.
मग एक पूल, पुलावर ठेंगणा शिपाई
आपल्याकडे पाठ करून उभा.
कधीपासून, कोण जाणे.
फर्गसला जेवायला हाक आली असेल.
किंवा फोन मिळाला असेल.

नवा डाव मांडायचा तर त्याचा पुसावा लागतो,
जागा एकाचीच.

केतकी म्हणते, आई, हाच गेम फोनवर फुकट आहे,
शिवाय रंगीत.
असेल. त्यात फर्गस नसेल.
तिने डोळे फिरवले.

तर मी, कच्चा लिंबू,
रोज पहाटे दुसऱ्याच्या डावात शिरते.
या पडद्याला स्वतःचा उजेड नाही;
पुलावरचे दिवे एकामागून एक येतात
तेवढ्यापुरता शिपाई दिसतो, चालतो,
अंधारात मी अंदाजाने बटण दाबते.
दोनदा किल्ल्यापर्यंत पोचवला त्याला.
न्यूपोर्टचा थांबा आला की
सेव्ह न करता बंद.

दुरुस्तीवाल्या माल्कमने आत डोकावून सांगितलं,
आठवण धरून ठेवणारा सेल आहे, शर्टाच्या बटणाएवढा.
आज ना उद्या संपणार, सगळं जाणार.
बदलला तरी जाणारच.
मग काय करू?
खेळा, म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

आज धुकं. दिवे उशिरा उशिरा येतायत.
पर्समध्ये फोन गुरगुरला.
टाइम प्लीज, म्हटलं त्याला,
आणि मूठ ओठांशी नेऊन थुप्पी केली,
शेजारचा म्हातारा बघत असताना.