तात्पुरती रचना

सुवैकच्या नगरपालिकेत, एसीच्या गारठ्यात
मी टेबलावर बांबू ठेवला.
माणगा जातीचा, चार वर्षांचा,
बोरॅक्सच्या पाण्यात दहा दिवस मुरलेला.
साहेबांनी बोटानं वाजवून पाहिला,
कलिंगड वाजवावं तसा.

जळतो?
लाकडाइतकाच.
कुजतो?
पाय कोरडे ठेवले तर नाही.
मग मी आकडे मांडले : वारा, भार, वाकणं.
वाकणं म्हटल्यावर सगळे हसले.
घर कधी वाकतं का, मुहंदिसा?

मागच्या वादळात जे वाकलं नाही
ते फ्रीजसकट, उंबऱ्यासकट
वादीतून समुद्राला गेलं,
हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.
मी बोलले नाही.

आई फोनवर म्हणते,
इतकं शिकून, समुद्र ओलांडून
शेवटी कामट्याच ना गं?
तिचंही खरं. आमच्या कुडाळात बांबू
परसदारानं येतो, सूप होऊन, डालगं होऊन.
पुढच्या दारानं जातो तो एकदाच,
चौघांच्या खांद्यावर.

बाहेरच्या बाकावर खल्फान बसला होता,
घर गेलेला, अर्ज हातात.
मला खजुराच्या कोठीत घेऊन गेला.
वर बघ.
कांदळाचे वासे, त्यांवर चिरलेला बांबू,
काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा,
त्यावर चटई, त्यावर माती.
आजोबाच्या गलबतातून आलेला, तुमच्या किनाऱ्यावरून.
तिकडे खजूर, इकडे हा.
मी पेरावर नख टेकवलं. टणक.
आणि मी समजत होते
नवं काही घेऊन आलेय.
निघाली जुनी उसनवारी.

तीन महिन्यांनी शिक्का आला :
तात्पुरती रचना. शेळ्यांसाठी.

रफीकुलनं सांधे बांधले.
त्याची गाठ बारिसालची, माझ्या नकाशात नव्हती.
ओढून पाहिली, लटकून पाहिली,
मग नकाशा बदलला.

आता उन्हाळा आहे.
शेळ्या बाहेर खजुरीखाली,
खल्फानची खाट आत.
काल त्याचा फोन आला.
रात्री वारा होता, म्हणाला,
बैत जरा कुरकुरलं, मग झोपलं.

बैत म्हणाला.
कागदावर अजून गोठाच आहे.