पुठ्ठ्याचं कार्ड

रादेक म्हणाला, उद्या पाचपर्यंत कळव,
नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.
नऊशे झ्वोती. दोन वर्षं वापरलेलं,
तीन पंख्यांचं, लांबी तीनशे चार मिलिमीटर.
मी आकडा मनगटावर लिहून घेतला
आणि पाबियानित्सेहून वूजला येणाऱ्या ट्राममध्ये
सारखी बाही वर करून पाहत राहिलो,
जणू वाटेत तो थोडा आटेल.

घरात मोजपट्टी एकच, आईच्या गळ्यातली.
दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे उसवून
नव्या नवऱ्यांच्या अंगावर बेतते ती.
पट्टीची सुरुवात झिजून कोरी झालेली,
म्हणून आमच्याकडे सगळी मापं
दहापासून सुरू होतात.
"दहा वजा करायला विसरू नकोस," म्हणाली,
आणि मी विसरलो.
एक्केचाळीस! पूर्णांक आठ!
स्वयंपाकघरात उडी मारली. भांडी वाजली.
तिने ओठांतली टाचणी काढली.
"वजा कर."

एकतीस पूर्णांक आठ. तरी पुरतं.
मग ती शिवणयंत्राचा दिवा वाकवून
कॅबिनेटच्या पोटात डोकावली.
"अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण अंथरुणात आधीच कोण झोपलंय
तेही बघावं ना?"
पुढच्या भिंतीला पाठ लावून पंखा झोपला होता,
पंचवीस मिलिमीटर जाड,
अंगावर धुळीची गोधडी.

अकरा कमी पडले.
शर्टाच्या एका बटणाएवढे.

मदरबोर्डवरची लांब खाच मोकळी होती,
टोकाची चिमुकली कडी उघडी.
पॉवर सप्लायवर साडेसहाशे वॅट,
आणि आठ-आठ सुयांच्या दोन शेपट्या
मागे घडी करून खोचलेल्या, कधी न उलगडलेल्या.
सगळं हो म्हणत होतं.
एक बटण नाही म्हणत होतं.

"खांदा किती? जाडी किती?" आईने विचारलं,
जसं ती नवरीच्या काकूला विचारते.
मी सांगत गेलो. तिने खडूने आखलं,
मोठ्या कात्रीने पुठ्ठा कापला,
अडीच खाचांची जाडी यावी म्हणून
आत चिंध्या भरल्या, कडेने टाके घातले,
केबलच्या जागी काळी नाडी.
रात्री साडेदहाला
न घेतलेल्या कार्डाची ट्रायल झाली.

ते अडलं. अर्थात अडलं.
आई जराही चिडली नाही.
"कापड कापायचं नाही. अस्तर बाहेर काढू."
चार स्क्रू. पंखा पत्र्याच्या आतून निघाला
आणि पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला बसला,
दर्शनी जाळीच्या मागे, जिथे कुणीच राहत नव्हतं.
पुठ्ठा सरकला. पुढे चौदा मिलिमीटर हवा.
मी पुन्हा उडी मारणार,
तेवढ्यात तिने बाजूचं झाकण लावून पाहिलं.

लागेना. नाडी वळायला जागा मागत होती.
इथे मात्र उसवायला काहीच नव्हतं.
ती बराच वेळ कोपराला टाचणी टोचत बसली,
विचार करताना ती असंच करते.

पाचला दहा कमी असताना मी रादेकला फोन केला.
"मापात बसेल ना? परत घेणार नाही हं."
मी आईकडे पाहिलं. तिच्या तोंडात टाचण्या.
तिने फक्त मान हलवली,
ती हो होती की चालव होती, अजून ठाऊक नाही.

आता कॅबिनेटला झाकण नाही.
त्या जागी पांढऱ्या जाळीचा ताणून बसवलेला पडदा,
कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नातला उरलेला.
खेळ जड झाला, तीन पंखे घुमू लागले
की तो आत ओढला जातो,
कोणी दीर्घ श्वास घ्यावा तसा.

आणि भिंतीवर, खिळ्याला,
नवऱ्यांच्या कागदी मापांच्या रांगेत
पुठ्ठ्याचं कार्ड टांगलंय.
त्यावर खडूने, आईच्या तिरप्या अक्षरात:
तिमोन. लांबी सैल केली. घेर तंग.