ओठ मिटून, दात सुटे

आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कान स्वच्छ होता.
मग दातांच्या. त्याने एक दाढ काढली,
चांगली होती बिचारी,
कागदात गुंडाळून माझ्याच हातात दिली.
दुखणं तसंच राहिलं, कानशिलापासून हनुवटीपर्यंत,
कोणी पान्याने आवळत असल्यासारखं.

मग म्हापसा. करासवाड्याच्या अलीकडे
गाद्यांच्या दुकानावरचा पहिला मजला.
फ्लाविया नोरोन्हा. वय माझ्या थोरलीएवढं.
मला वाटायचं फिजिओथेरपी म्हणजे गुडघे, कंबर,
स्कूटरवरून पडलेली माणसं.
जबड्यालाही व्यायाम असतो हे
बावन्न वर्षं जबडा वापरून ठाऊक नव्हतं.

"तोंड उगडात. सवकास."
माझीच तीन बोटं उभी धरून माझ्याच तोंडात घालायला लावली.
दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं,
काट्यावर न चढलेल्या मागच्या चाकासारखं.
आरशावर तिने स्केचपेनने उभी रेघ ओढलीय.
हनुवटी रेघेवर ठेवून उघडायचं.
माझी डावीकडे पळते,
आणि मध्येच टक्क वाजतं,
जुन्या सुटकेसची कडी पडावी तसं.

हातमोजा चढवून तिने अंगठा गालाच्या आत नेला,
मागे, पार मागे, जिथे ब्रशही पोचत नाही,
आणि एक गाठ दाबून धरली.
"दुखता?"
तोंड भरलेलं. मी करंगळी वर केली,
शाळेत करायचो तशी, आणि दोघंही हसलो,
म्हणजे ती हसली. मला हसता येत नव्हतं.

"रातचे दांत खातात?"
हे सुगंधाला विचारायला हवं.
ती सांगते, दीडच्या सुमाराला सुरू होतं,
भरलेला ट्रक गिअर बदलून चढाव घेतो तसं.
खाण बंद पडली, डिचोलीच्या रस्त्यावरची रांग गेली,
फणसाच्या पानांवरची तांबडी धूळसुद्धा गेली,
आमच्या खोलीतून मात्र वाहतूक अजून चालू.

मी काट्यावर होतो. एकोणीस वर्षं.
काच सरकवायची, आकडा बघायचा, पावती फाडायची.

फ्लाविया म्हणाली, जिभेचं टोक वर, दातांच्या मागे.
न म्हणताना जातं तिथे.
न म्हणा. आवाज नको. जीभ तिथेच राहू दे.
ओठ मिटून, दात सुटे.
दिवसातून पन्नास वेळा.
आठवण राहावी म्हणून घरात लाल ठिपके चिकटवा.

सुगंधाने टिकल्यांचं पाकीट काढलं.
एक फ्रिजवर, एक टीव्हीच्या कोपऱ्यात,
एक गॅसच्या शेगडीवर (ती वितळली),
एक स्कूटरच्या आरशावर.
शेजारचा रोहिदास विचारतो, गाडीला कुंकू कधी लावलं?
मी सांगत नाही. जीभ कामात असते.

परवा सिग्नलला टिकली दिसली आणि
न वर जीभ ठेवून उभा राहिलो.
तेव्हा आठवलं, काचेपलीकडून आवाज आला होता,
साडेबाराचे दहा लिही.
सगळेच लिहितात. चहा सांगितलाय तुला.
मी न म्हटलं नाही.
हो तरी कुठे म्हटलं? हो म्हणायला
जीभ कुठेच टेकवावी लागत नाही, करून बघा.
मी दातांवर दात दाबले
आणि दहा लिहिले.
त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी,
पेन तेच, अक्षर चांगलं.
मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होता.

फ्लावियाला हे सांगितलेलं नाही.
तिच्या कागदावर फक्त मिलिमीटर असतात:
सव्वीस, एकोणतीस, एकतीस.
गरम टॉवेल, दहा मिनिटं. चणे नकोत.
जत्रेतलं खाजें नको, पेरू चिरून.
जांभई आली तर हनुवटीखाली मूठ.

काल तिसरं बोट नखापर्यंत गेलं.
रात्री अजून एक ट्रक येतो, सुगंधा म्हणते.
पण आवाजावरून
रिकामा असावा.