वाजणारी चप्पल

कागदावर वेळ लिहिली आहे, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.
तिथून सुरू होतो माझा भाऊ:
महिपती बाळू कुरणे, वय एकेचाळीस,
हातात धारदार हत्यार.

चारच्या आधी काही घडलंच नाही म्हणे.

मी आत बसून वेण्या वळत होते.
गाडी त्यांनी दारातच लावली,
मांडलेल्या मालावर सावली पडेल इतकी जवळ.
सात जोड घालून बघितले,
सातही रस्त्यात भिरकावले.
दादानं आठवा काढून दिला.
मग म्हणाले, वाकून घाल की, लाज कसली, खानदानी काम तुमचं.
मग आडनाव विचारलं. पाटी डोक्यावर होती, तरी विचारलं,
आणि हसले.
मग एक शब्द.
तो मी लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे.

दादा उठला.
एवढंच. उठला.
रापी त्याच्या हातात सकाळी नऊपासून होती.
कातडं रापीनं कापतात, साहेब,
नजरेनं नाही.

साहेब वाईट नव्हते. चहा मागवला.
म्हणाले, त्यांचं चुकलंच, पण.
शेजारचे साडीवाले म्हणाले, आम्ही बघितलंय सगळं, पण.
दादाला शिकवलेले सर घरी आले,
माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,
तुमच्यातली शिकलेली माणसं किती शांत असतात, बघ.

आमच्या चपलेत खिळा नसतो.
सगळं वादीनं शिवलेलं, बोट फिरवून बघा.
ह्या ‘पण’मध्ये मात्र आहे.
वरून दिसत नाही,
चालणाऱ्यालाच लागतो.

गेल्या गणपतीत तालमीच्या पोरांनी
गाडी आडवी लावली म्हणून एकाची काच फोडली.
गल्ली म्हणाली, रग हाय पोरांत! पंचगंगेचं पाणी हाय ते!
आम्हीही तेच पितो.
एक दिवसाआड येतं नळाला.
आमच्या अंगात गेलं की
त्याला माज म्हणतात.

अकरा दिवसांनी दादा घरी आला.
रापी आली नाही, ती मुद्देमालात.
नवीला हात बसत नाही म्हणतो,
आणि गिऱ्हाईक आलं की बसूनच बोलतो.
उठत नाही.
पाणी प्यायलाही आधी रस्त्याकडे बघतो.

काल एक जण आले, पुण्याचे असावेत.
वाजणारी दाखवा म्हणाले, ती करकर वाजणारी.
तळाच्या दोन पदरांत आम्ही विंचू बसवतो,
त्याचेच तर जास्त पैसे.
दुकानभर चालले ते, मान तिरकी करून ऐकत.
वा, म्हणाले, काय बोलते हो ही!
दादा खाली बघून आरी ओढत राहिला.

किती दिवस वाजेल, त्यांनी विचारलं.

मी जोड कागदात गुंडाळत होते.
म्हटलं, ते तुमच्यावर आहे.
जेवढा भार टाकाल,
तेवढी.