तीन बोटं

पहिल्या वक्त्यानं केला तेव्हा सगळे हसलो.
दुसऱ्यानं केला तेव्हा पुढच्या दोन रांगा.
जेवणानंतर डॉ. खैरनारांनी पुन्हा तोच विनोद काढला,
'नाक कापलेल्या गावात नाक जोडणारे जमलेत',
तोवर फिरदौस माझ्या खांद्यावर झोपली होती,
छत्तीस तासांची ड्यूटी संपवून
धुळ्याच्या गाडीतून थेट उतरलेली.

हायवेवरचं हॉटेल. हॉलचं नाव गोदावरी, एसी सोळावर.
शेजारच्या हॉलमध्ये कुणाची तरी हळद;
भिंतीतून ढोल यायचा
आणि टेबलांवरचे प्लॅस्टिकचे जबडे थरथरायचे.
सगळे एका साच्यातले,
सगळे एकाच जागी मोडलेले.
आम्ही पट्ट्या वाकवल्या, स्क्रू पिळले.
रक्त नाही, लाळ नाही, कुणी आई गं म्हणत नाही.
माझा जबडा छान बसला. सरांनी फोटो काढला.

संध्याकाळी पोस्टर.
माझं सतरा नंबरला, टॉयलेटच्या वाटेवर,
त्यामुळे गर्दी बरी होती.
फोटोत कुसुम थेटे, वय एकतीस,
सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगला.
पण नाव लिहायचं नसतं,
आणि डोळ्यांवर काळी पट्टी हवी, नियमाप्रमाणे,
म्हणजे ओळखू येऊ नये.
मला ओळखू येते.
खालच्या ओठाची डावी कड, जराशी जाड.
ते टाके माझे. पहिलेच.

परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"कारण?"
"पडली, मॅडम. जिन्यावरून."
"डावीकडे कोनाशी, उजवीकडे हनुवटीजवळ. दोन्ही?"
"हो."
"मग जिना उजव्या हाताचा असणार,"
म्हणाल्या, आणि अठरा नंबरकडे वळल्या.

रात्री बँक्वेट सोडून आम्ही दोघी गंगेवर गेलो.
फिरदौसनं भेळभत्ता घेतला, पायरीवर कागद पसरला.
वरच्या रस्त्यावर एक रिक्षावाला
बाहेरगावच्या माणसांना हात लांबवून सांगत होता,
इथंच कापलं बघा,
जसं कुणी सांगावं की इथं पार्किंग मिळतं.
फिरदौस कांदा बाजूला काढत म्हणाली,
"आणि तिला टाके कुणी घातले गं पुढे?"
मी म्हटलं, सिलॅबसमध्ये नाही.
ती हसली. मग दोघीही बराच वेळ
मिरची कुठली तिखट यावर बोललो.

रविवारी मला तिसरं बक्षीस.
शाल, सर्टिफिकेट, मनुक्यांचा डबा.
स्टँडवरून पोस्टर उतरवताना
डोळ्यांवरची पट्टी निघते का, नखानं पाहिलं.
छापलेली असते.
फिरदौसला सीबीएसवर सोडलं
आणि नळी पायांत धरून स्कूटी हॉस्टेलकडे घेतली.

सहा आठवडे तारा होत्या तिच्या दातांना.
उलटी झालीच तर कापायला म्हणून कटर
मी तिच्या नवऱ्याच्या हातात दिला होता.
कुठली तार आधी, तेही दाखवलं.
त्यानं नीट ऐकून घेतलं.
रोज द्राक्षांचा रस आणायचा, फडक्यानं गाळून,
स्ट्रॉ स्वतः धरायचा. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या,
नशीब काढलंस.
जिन्याचंही त्यानंच सांगितलं.
तिनं मान हलवली.
मान हलली एवढं मी पाहिलं, आणि फाइलीत लिहिलं.

तारा काढल्या त्या दिवशी म्हटलं, तोंड उघडा.
आम्ही बोटांनी मोजतो,
एकावर एक तीन मावली तर बरं.
माझी तीन मावली.
बोटं बाहेर घेतली
तरी तिनं तोंड तसंच उघडं ठेवलं,
माझ्याकडे बघत, थोडा वेळ.

दाराबाहेर चाळीस केसपेपर.
मी म्हटलं, छान.
मिटा आता.